संदर्भाची खूण

थेरगावात डांगे चौकाच्या आसपास डीटीपीचे गाळे आहेत. तिथे लग्नपत्रिका होतात, हरिनाम सप्ताहाची पत्रकं होतात, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा आणि चाकणच्या व्हेंडर कंपन्यांची माहितीपत्रकं होतात. अधूनमधून एखादा जाडजूड पीएच.डी.चा प्रबंधही येतो, आणि प्रबंध आला की संदर्भांवरून घोळ ठरलेला. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वर्ड, लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्समध्ये स्वतःची बटणं बसवतं. बटण दाबा, ग्रंथ निवडा. टीप जागेवर येते, ग्रंथसूची शेवटी तयार होते. एंडनोट आणि मेंडली वर्डमध्ये हेच करतात. पण मराठीतलं पुष्कळ लेखन या तिन्ही ठिकाणांच्या बाहेर होतं. कुणी मोबाइलवरच्या नोंदवहीत लिहितं, कुणी नोटपॅडमध्ये, कुणी स्क्रिव्हनरमध्ये; आणि छपाईच्या वेळी सगळं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जाऊन पडतं. यातल्या एकाही ठिकाणी ते बटण नाही.

बटण नसलेल्या ठिकाणी संदर्भ कसे घालायचे यावर दोन ठाम मतं आहेत. दोन्ही मतांच्या माणसांचं म्हणणं मी पुष्कळदा ऐकलं आहे. ते इथे दोघांच्या तोंडी घातलं आहे. मॅडम कॉलेजात शिकवतात आणि पवनेकाठच्या गावांचं कारखान्यांचं शहर कसं झालं यावर प्रबंध लिहितात. काकांचा गाळा आहे. पेजमेकरवर त्यांचा हात बसलेला आहे, आणि प्रबंध शेवटच्या आठवड्यात कुठे कुठे बिघडतो हे त्यांनी फार जवळून पाहिलं आहे.

काका: मॅडम, तुमचं दुसरं प्रकरण उघडलं आणि धस्स झालं. वाक्यांच्या शेवटी महिरपी कंस, त्यात उभ्या रेघा, पुढे इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकात एक गुंतलेले. फाइल बिघडली समजून मी ते सगळं पुसायला निघालो होतो.

मॅडम: पुसलं असतंत तर माझे सगळे संदर्भ गेले असते, काका. त्या खुणा आहेत. एक वाचून दाखवते: { | प्रेस्टन, १९८९ | ५२ | | नोंदीचा क्रमांक }. कंसात पाच रकाने आहेत. पहिल्यात संदर्भाच्या आधी यायचे शब्द, ‘पाहा’ वगैरे. इथे तो रिकामा आहे. दुसऱ्यात लेखक आणि साल, ते फक्त माझ्या ओळखीसाठी. तिसऱ्यात पान. चौथा संदर्भानंतरच्या शब्दांसाठी. आणि पाचव्यात झोटेरोतल्या त्या ग्रंथाच्या नोंदीचा क्रमांक. यंत्र ग्रंथ ओळखतं ते त्या पाचव्या रकान्यावरून. दुसऱ्या रकान्यात प्रेस्टनचं स्पेलिंग चुकलं तरी बिघडत नाही.

काका: आणि हे सगळं तुम्ही हाताने टाइप करता?

मॅडम: नाही. झोटेरोला आरटीएफ-ओडीएफ स्कॅन नावाची एक जोडणी मिळते. ती बसवली की झोटेरोतला ग्रंथ माउसने ओढून कुठल्याही लेखनाच्या खिडकीत सोडायचा, खूण आपोआप उमटते. त्या खिडकीला झोटेरो माहीत असण्याची गरजच नाही. तिच्या दृष्टीने ती साधी अक्षरं आहेत. मोबाइलवर हे जमत नाही, म्हणून तिथे मी नुसतं दुहेरी कंसात ‘प्रेस्टन ५२’ लिहिते आणि कॉम्प्युटरवर बसले की त्या जागी खरी खूण ठेवते.

काका: बसलाच नाहीत तर? दोन महिन्यांनी ‘प्रेस्टन ५२’ म्हणजे कुठला प्रेस्टन ते आठवतं का?

मॅडम: प्रेस्टनचं माझ्याकडे एकच पुस्तक आहे, चिंचवडच्या देव घराण्यावरचं, केंब्रिजने १९८९ मध्ये काढलेलं. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. ‘गॅझेटिअर’ एवढंच लिहिलं तर फसते. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे तीन भाग आहेत, आणि भाग न लिहिता नुसतं पान लिहिलं की तिन्ही चाळावे लागतात.

काका: म्हणूनच म्हणतो, तिथल्या तिथे पूर्ण संदर्भ लिहून मोकळं व्हावं. लेखकाचं नाव, ग्रंथ, प्रकाशक, गाव, साल, पान. आमच्याकडे जुने प्राध्यापक यायचे, त्यांच्या हस्तलिखितात प्रत्येक टीप अशी पूर्ण असायची. मी जशीच्या तशी जुळवायचो. कंस नाहीत, क्रमांक नाहीत, यंत्र नाही. वीज गेली तरी कागद वाचता येतो.

मॅडम: आणि ‘तत्रैव’?

काका: तत्रैवचं काय?

मॅडम: माझ्या दुसऱ्या प्रकरणात अकरावी टीप प्रेस्टनची आहे. बारावी ‘तत्रैव, पृ. ५२’, तेरावी ‘तत्रैव, पृ. ६०’. हाताने लिहिताना प्रत्येक जण असंच करतो. आता मार्गदर्शक म्हणाले, अकरा आणि बाराच्या मध्ये गॅझेटिअरचा आधार द्या. दिला. गॅझेटिअर बारावं झालं, बाकीचे एकेकाने पुढे सरकले. तुम्ही क्रमांक बरोबर सरकवाल, त्यात मला शंका नाही. पण ‘तत्रैव, पृ. ५२’ आता तेरावी टीप आहे आणि तिच्या वर गॅझेटिअर बसलंय. वाचक गॅझेटिअरचं बावन्नावं पान उघडणार. तिथे चिंचवडच्या देवांच्या इनामाचा काही पत्ता नसणार.

काका: हं.

मॅडम: चुकलेला क्रमांक डोळ्याला खुपतो. चुकलेलं तत्रैव मात्र अगदी बरोबर दिसतं.

काका: हे मी पाहिलंय, मॅडम. नाही कशाला म्हणू? पेजमेकरला तळटिपेची सोयच नाही. प्रत्येक टीप मी वेगळ्या चौकटीत पानाच्या तळाशी नेऊन ठेवतो. वर एक ओळ वाढली की टिपेचा आकडा पुढच्या पानावर जातो, मग टीपही उचलून पुढे न्यायची. असं तीनशे पानं. म्हणून बरेच जण म्हणतात, टिपा प्रकरणाच्या शेवटी घ्या. क्रमांक लावता लावता डोळे फुटतात. तत्रैव कुणी तपासत नाही, आणि तपासायचं म्हटलं तरी आमच्याकडे ते पुस्तक कुठे असतं?

मराठी प्रबंधांतल्या आणि पुस्तकांतल्या टिपा प्रकरणाच्या शेवटी ढकलल्या जाण्यामागे लेखकाचा आळस आहे असं समीक्षक म्हणतात. पेजमेकर वापरणाऱ्या बाजारात त्याला हे दुसरंही कारण आहे, आणि ते आजवर फारसं कुणी मांडलेलं नाही. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. ॲडोबीच्याच इनडिझाइनमध्ये तळटीप आली २००५ मध्ये. मधल्या आणि नंतरच्याही काळात आपल्याकडची कितीतरी पुस्तकं तळटीप न ओळखणाऱ्या यंत्रावर तयार झाली. लेखकाने मनापासून लिहिलेली टीप जुळाऱ्याच्या हातात पोहोचली की तिचं नातं तुटायचं. दोष त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

मॅडम: म्हणून मी मजकुरात ‘तत्रैव’ लिहीतच नाही. प्रत्येक ठिकाणी त्या त्या ग्रंथाची खूण ठेवते. लागोपाठ दोनदा तोच ग्रंथ आला तर तत्रैव लावायचं की नाही हे अगदी शेवटी यंत्र ठरवतं. मध्ये गॅझेटिअर घुसलं, तर ते ओळखून पुन्हा प्रेस्टनचं नाव लिहितं.

काका: आणि ते मराठीत ‘तत्रैव’ लिहितं? मी तर इंग्रजी शब्दच आलेले पाहिलेत. मराठी परिच्छेदाखाली इंग्रजीत ‘इबिड’, ‘एट अल’. वाचायला बसलेल्या माणसाला दातात खडा आल्यासारखं होतं.

मॅडम: तयार शैली घेतली तर तसंच होतं. पण शैली म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. सीएसएल म्हणतात तिला. ती उघडून तिच्यात पानासाठी ‘पृ.’, संपादकासाठी ‘संपा.’, बाकीच्या लेखकांसाठी ‘व इतर’ आणि पुनरुक्तीसाठी ‘तत्रैव’ असं एकदा लिहून ठेवलं की पुढे तेच येतं. एक अडचण उरते. इंग्रजी ग्रंथाला इंग्रजी खुणा आणि मराठी ग्रंथाला मराठी, असा भेद ती शैली आपोआप करत नाही. मी सगळीकडे ‘पृ.’ ठेवलंय. प्रेस्टन इंग्रजीत आहे, पण माझा वाचक मराठी आहे.

काका: ते चालेल. मला खटकतं ते वेगळंच आहे. तुम्ही क्रमांक ठेवता, ग्रंथ यंत्राच्या पोटात. ती नोंद बरोबर आहे हे कशावरून? मागे एक प्रबंध आला होता. मराठी पुस्तकांची नावं सगळी रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी ठिपके. विचारलं तर विद्यार्थी म्हणाला, एका क्लिकमध्ये घेतलीत. मराठी प्रबंधाची मराठी ग्रंथसूची, आणि मराठी पुस्तकाचं नाव मराठी माणसाला वाचता येईना!

मॅडम: परदेशी ग्रंथालयांच्या नोंदी तशाच असतात. त्यांच्या यादीत मराठी पुस्तक रोमन लिप्यंतरात चढवलेलं असतं, आणि झोटेरो जे दिसतं तेच उचलतं. ती नोंद तशीच ठेवणं हा विद्यार्थ्याचा आळस झाला. मी पुस्तक हातात घेऊन आतल्या शीर्षकपानावरून देवनागरीत पुन्हा टाइप करते. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे एका क्लिकची सोय तशीही फारशी कामाला येत नाही. आणि शीर्षकपानावर जसं असेल तसंच. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं ‘साधनें’ असं अनुस्वार देऊन छापतात. तो अनुस्वार मी काढत नाही. पण एकदा अनुस्वारासह आणि एकदा त्याशिवाय नोंद झाली तर यंत्राला ती दोन पुस्तकं वाटतात, म्हणून नोंद एकदाच करायची.

काका: आणि शके?

मॅडम: शके १८२० असेल तर सालाच्या रकान्यात १८९८ लिहिते आणि मूळ शक शेजारच्या टिपणात ठेवते. साल सरळ आकड्यात असेल तरच यादी सालाप्रमाणे नीट लागते.

काका: इतकं सगळं हाताने करायचंच असेल तर यंत्र वाचवतं काय?

मॅडम: दुसऱ्यांदा करणं वाचवतं. प्रेस्टनचा ग्रंथ माझ्या प्रबंधात निदान चाळीस ठिकाणी येणार. नाव मी एकदाच लिहिलं. उद्या लक्षात आलं की प्रकाशकाच्या नावात चूक आहे, तर एका जागी दुरुस्त केलं की चाळीस ठिकाणी दुरुस्त.

काका: माझा मुलगा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. त्यांच्याकडे प्रत्येक ड्रॉइंगवर पार्ट नंबर आणि रिव्हिजन असते. कागदांवर पार्टचं वर्णन कसंही असो, नंबर एकच. तुमची खूण म्हणजे पार्ट नंबर, असंच ना?

मॅडम: अगदी असंच! लाइनवरच्या माणसाला वर्णन पाठ असण्याची गरज नाही, नंबर जुळला की झालं.

काका: झालं नाही, मॅडम. पार्ट नंबर बरोबर असतो आणि आतला माल चुकीचा निघतो, हे आमच्या घरी रोज ऐकतो. म्हणून तर इनवर्डला इन्स्पेक्शन असतं. खोका उघडायचा, व्हर्निअर लावायचा, मग माल आत. तुमचा क्रमांक शंभर टक्के जुळेल हो; पण बावन्नाव्या पानावर खरंच ते इनाम आहे की नाही, हे कोण उघडून बघणार? पूर्ण टीप हाताने लिहिताना माणूस निदान पुस्तक उघडतो. खूण ठेवताना उघडायची गरज पडत नाही.

इथे काकांचं पारडं जड आहे असं मला वाटतं. खूण अचूक असली म्हणून संदर्भ अचूक ठरत नाही. यंत्र दोन गोष्टी उत्तम सांभाळतं, ग्रंथाची ओळख आणि टिपेची मांडणी. त्या दोहोंच्या मध्ये ‘हे वाक्य त्या पानावर आहे’ ही जी तिसरी गोष्ट आहे, ती अजूनही वाचणाऱ्याच्या डोळ्यावरच अवलंबून आहे. आणि आजकाल तिची किंमत वाढली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातल्या साम्याला टक्क्यांच्या पायऱ्या लागल्या. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीत धरायची नसतात. म्हणजे खूण हरवली की प्रामाणिकपणे घेतलेलं अवतरणही चोरीच्या रकान्यात जाऊ शकतं.

मॅडम: काका, तुम्ही डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश पाहिला असता तर असं म्हणाला नसतात. १९४८ मध्ये ते काम सुरू झालं. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द टिपून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात, कुठे आला त्याचा संक्षिप्त निर्देश. ग्रंथाचं पूर्ण नाव प्रत्येक चिठ्ठीवर लिहीत बसले असते तर काम उभंच राहिलं नसतं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. १९१९ ते १९६६, १,२५९ हस्तलिखितं. प्रत्येक पोथीला एक अक्षर आणि एक आकडा. पानाच्या खाली पाठभेदांच्या गर्दीत पोथीचं नाव कुठेच नाही, फक्त ती खूण. कुठली पोथी कुठल्या संग्रहातली, किती पानांची, कुणी लिहिलेली, हे प्रस्तावनेत एकदाच. मी करते ते याहून वेगळं काय आहे?

काका: वेगळं हे आहे की त्या चिठ्ठ्या ज्यांनी लिहिल्या त्यांनी ते ग्रंथ ओळीनं वाचले होते. खूण वाचनाच्या मागून आली. तुमच्या पिढीत खूण आधी येते. शंभर पुस्तकं यंत्रात ओढली की वाचल्यासारखं वाटतं.

मॅडम: हे मान्य. माझ्या झोटेरोत न वाचलेलं पुष्कळ आहे. पण हा दोष खुणेचा नाही.

काका: खुणेचा नाही. सोयीचा आहे.

मॅडम: मग खूण ठेवतानाच तिला जामीन लावते. ज्या पानावरून घेतलं त्याचा फोटो त्या नोंदीला जोडते. पानाचा आकडा फोटोत दिसला पाहिजे. फोटो नसेल तर खूण ठेवायची नाही.

काका: हे इन्स्पेक्शन झालं. हे असेल तर तुमच्या कंसांशी माझं भांडण नाही. आता माझी अडचण ऐका. तुमची फाइल युनिकोडमध्ये आहे, माझं पेजमेकर जुन्या फाँटवर. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तुमचा महिरपी कंस आणि उभी रेघ कन्व्हर्टरमधून गेली की तिथे एखादं अर्धं अक्षर नाहीतर वेलांटी उभी राहते. पाचव्या रकान्यातला तो इंग्रजी क्रमांक तर ओळखूच येणार नाही.

मॅडम: म्हणून खुणा तुमच्यापर्यंत यायलाच नकोत. त्या चुकून आल्या. मी लिहिलेलं ओडीटी फाइलमध्ये साठवते आणि झोटेरोकडून स्कॅन करून घेते. ते प्रत्येक खुणेच्या जागी जिवंत संदर्भ ठेवतं. मग लिब्रेऑफिसमध्ये उघडून झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये माझी मराठी शैली निवडते. सगळ्या टिपा आणि ग्रंथसूची तयार होतात. शेवटी त्याची एक वेगळी प्रत काढून तिच्यातली जोडणी तोडते. अनलिंक नावाची आज्ञा आहे. त्यानंतर संदर्भ म्हणजे नुसती अक्षरं. ती प्रत तुमची.

काका: ती प्रत आली तरी कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हलवतो. ‘प्रेस्टन’ तरला तर ‘कीर्ती’ बुडते. आणि मराठी ओळीत मधेच इंग्रजी पुस्तकाचं नाव आलं तर त्याला मराठी फाँट लागून त्याची भलतीच मराठी होते. इंग्रजी ओळी मला वेगळ्या रंगात द्या. रंग बघून मी फाँट बदलीन. आणि टिपांचं प्रूफ तुम्ही स्वतः वाचायचं, विद्यार्थ्याला द्यायचं नाही.

मॅडम: रंग देते. पण खरं सांगू? तुम्ही इनडिझाइनवर या. तिथे युनिकोड मराठी नीट बसते, तळटिपा आपोआप सरकतात, कन्व्हर्टरच लागत नाही.

काका: माझ्या कपाटात वीस वर्षांच्या पत्रिका आणि पुस्तकं जुन्या फाँटात आहेत. लोक दुसरी आवृत्ती काढायला येतात तेव्हा तीच फाइल उघडावी लागते. येईन हळूहळू.

मी इथे काकांना घाई करणार नाही. नवीन प्रबंधासाठी मॅडमचा रस्ता चांगला आहे, पण डांगे चौकातल्या गाळ्याचं पोट प्रबंधांवर चालत नाही. ज्यांना साध्या मजकुरातच लिहायला आवडतं, त्यांच्यासाठी पॅनडॉक हा आणखी एक मार्ग आहे. त्यात खूण म्हणजे चौकोनी कंसात @ आणि ग्रंथाचं छोटं नाव. फाइल चालवली की वर्ड किंवा पीडीएफ तयार. हे छोटं नाव मात्र रोमन अक्षरांतच ठेवलेलं बरं. तत्त्व तेच, फक्त आज्ञा टाइप करायची तयारी हवी.

काका: एक सांगा. हे झोटेरो उद्या बंद पडलं तर? मेंडलीचं काय झालं ते एका सरांकडून ऐकलंय. कॉम्प्युटरवर चालणारं ते जुनं मेंडली २०२२ मध्ये डाउनलोड व्हायचंच थांबलं. नवीन आलं, पण त्यांच्या सवयी गेल्या.

मॅडम: झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासकांनी सुरू केलं. ते मुक्त स्रोत आहे, फुकट आहे. तरी भरवसा त्याच्यावर ठेवत नाही. दर महिन्याला सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत काढून ठेवते. ती कुठलंही दुसरं सॉफ्टवेअर वाचू शकतं. आणि माझ्या खुणेचा दुसरा रकाना म्हणजे ‘प्रेस्टन, १९८९’ माणसाला वाचता येतो. सगळं यंत्र मेलं तरी माझा मजकूर हातात घेऊन कुणीही हाताने टिपा लिहू शकेल.

काका: तो रकाना तर यंत्राला नको होता म्हणालात.

मॅडम: यंत्राला नको आहे. तुम्हाला हवा आहे.

काका: बरं. शेवटचं. अनलिंक केलेली प्रत माझ्याकडे आली, मी पानं लावली. मग मौखिकीनंतर परीक्षकांनी सांगितलं, तेविसाव्या टिपेनंतर आणखी एक आधार द्या. आमच्यात रीत आहे, ‘२३ अ’ करायचं. बाकी क्रमांक हलत नाहीत, पानं हलत नाहीत, संध्याकाळी प्रिंट.

मॅडम: नाही, काका. लिब्रेऑफिसमधल्या जिवंत प्रतीत टीप घालून सगळं प्रकरण पुन्हा काढायचं.

काका: एका टिपेसाठी सगळं प्रकरण पुन्हा कन्व्हर्ट? पुन्हा रफार, पुन्हा वेलांट्या, पुन्हा प्रूफ? दहा नव्या चुका येतील. ‘२३ अ’ मध्ये एकही येत नाही.

मॅडम: त्या ‘२३ अ’ च्या पुढे तत्रैव असेल तर?

काका: तर तेवढं एक तत्रैव मी हाताने नाव घालून लिहीन. आता मला माहीत आहे ना कुठे बघायचं ते.

या मुद्द्यावर ते दोघं एकमताला आले नाहीत. माझा कल काकांकडे आहे, एका अटीवर. पानं लागेपर्यंत संदर्भ जिवंत राहावेत, कितीही दुरुस्त्या होवोत. पानं लागली की ‘२३ अ’ ला हरकत नाही. पण त्याच दिवशी तीच दुरुस्ती मॅडमच्या जिवंत प्रतीतही गेली पाहिजे, नाहीतर प्रबंधाचं पुस्तक होताना जुनी चूक पुन्हा छापली जाईल. मॅडमना हे पटलं नाही. ‘अ’ लागलेल्या टिपा ग्रंथसूचीत चढवायच्या राहून जातात, हा त्यांचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही.

काका: मग असं करा. तुमच्या पेपर मिलच्या कामगाराची जी मुलाखत आहे, चौथ्या प्रकरणात, तिच्या खुणेत साल नाही. मी ती आजच जुळवायला घेतो. साल आणा.

मॅडम: मुलाखत दोन बैठकांत झाली, वेगवेगळ्या वर्षी. कुठलं वाक्य कुठल्या बैठकीतलं ते ऐकून ठरवावं लागेल. दोन वेगळ्या नोंदी करते आणि खुणा बदलते. चौथं प्रकरण तोवर हातात घेऊ नका, तिसरं घ्या.